तीन फुटी रांजण आणि लाकडाची भट्टी: तडा नेमका कधी जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकावर हात बसलेला आहे, आता तीन फूट उंचीचे रांजण करायचे आहेत. घरामागे लाल विटांची गोल भट्टी बांधली आहे: खाली जाळायला एकच तोंड, मध्ये भोकांची जाळी, वर खापरांचं झाकण. माती गावच्या तळ्यातली. आतापर्यंत दोन रांजण भाजले. पहिल्याचं बूड सुटून आलं, दुसऱ्याला गळ्यापासून पोटापर्यंत उभी चीर गेली. दोन्ही वेळा भट्टी संध्याकाळी पेटवली, पहाटेपर्यंत लाल झाली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी उघडली. भट्टी कमी तापते आहे का, असं विचारलं आहे.

फुटके रांजण अजून टाकले नसतील तर आधी चिरेची कड नीट बघा. कड बाहेरच्या अंगासारखीच भाजलेली, धुरकट असेल आणि चीर एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेली असेल, तर ती आग चढण्याआधीच पडलेली आहे. म्हणजे वाळताना किंवा पहिल्या काही तासांत. उलट कड धारदार, आतला रंग ताजा आणि चीर केसासारखी बारीक पण लांब असेल, तर ती भट्टी थंड होताना गेली. तुमच्या वर्णनावरून पहिला रांजण पहिल्या प्रकारातला दिसतो आणि दुसरा दुसऱ्या. भट्टी कमी तापण्याशी यातल्या एकाचाही संबंध नाही. मोठ्या भांड्याचं बहुतेक नुकसान ६०० अंशांच्या खालीच होतं, कधी चढताना, कधी उतरताना. तुम्ही एका रात्रीत जे उरकलं त्याला तीन दिवस द्यायला हवेत.

एवढा वेळ का लागतो, हे आकड्यांत बघू. तीन फूट उंच, मधे दोन फुटांहून थोडा जास्त रुंद आणि दीड सेंटिमीटर जाड भिंतीचा रांजण म्हणजे ४५ ते ५० किलो ओली माती. त्यात दहा-अकरा लिटर पाणी असतं. ते सावलीत हळूहळू निघून जातं आणि भांडं हाताला खडखडीत लागतं. तरीही हवेतल्या दमटपणाइतकं पाणी भिंतीत राहतंच. शिवाय दोनेक लिटर पाणी मातीच्या कणांच्या रचनेतच बांधलेलं असतं, ते ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान सुटतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. लहान पणतीच्या भिंतीतून ती सहज वाट काढते. दीड सेंटिमीटरच्या भिंतीतून, आणि जिथे बूड व भिंत मिळतात तिथल्या तीन सेंटिमीटरच्या गठ्ठ्यातून, तिला बाहेर यायला तास लागतात. तुम्ही तेवढा वेळ दिला नाहीत, म्हणून तिने बूड उचललं.

आता माती. तळ्यातला गाळ मोठ्या कामाला चांगला असतो, पण आपल्याकडच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात त्याच्या दोन खोडी आहेत. पहिली म्हणजे तो फार आकसतो. काळ्या रानात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या ज्या गुणामुळे पडतात तोच गुण गाळात उतरलेला असतो. मातीची एक पट्टी करा, तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि वाळू द्या. रेघ ९.२ च्या खाली आली तर त्या मातीचा नुसता रांजण करू नका. जुनी खापरं कुटून, चाळून त्यांचा चुरा मिसळा, पाचवा हिस्सा तरी. चुरा बाजरीच्या दाण्याएवढा असावा, पीठ नको. लाल माती मिळत असेल तर तीही थोडी घाला. कुंभार घोड्याची किंवा गाढवाची लीद घालतात, त्यालाही पक्कं कारण आहे. लिदीतले बारीक तंतू ओल्या भिंतीला धरून ठेवतात आणि भाजताना जळून गेले की वाफेला वाटा करून देतात. रांजणातलं पाणी गार राहतं तेही त्याच सूक्ष्म वाटांनी पाझरतं म्हणून.

दुसरी खोड चुनखडीच्या खड्यांची. ही मात्र नव्या लोकांना सगळ्यात जास्त रडवते, कारण भांडं भट्टीतून धडधाकट बाहेर येतं आणि आठवड्याभरात त्याच्या अंगावरून नखाएवढे टवके उडायला लागतात. प्रत्येक टवक्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका असतो. गावच्या आव्यात मडकं साधारण ७०० ते ७५० अंशांवर भाजलं जातं, तिथे चुनखडीचा खडा तसाच गप्प राहतो. आपण स्टुडिओतली सवय म्हणून ९०० च्या वर नेतो, तेव्हा त्या खड्याचा कळीचा चुना होतो. मग तो हवेतला दमटपणा पितो, फुगतो आणि भिंत फोडतो. तुमच्या मातीच्या कोरड्या ढेकळावर व्हिनेगर टाकून बघा. ठिकठिकाणी फेस आला तर चुनखडी आहे. उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही: माती पाण्यात पूर्ण विरघळवून बारीक चाळणीतून गाळून घ्यायची, मग निथळवून घट्ट करायची. चुनखडी पीठ होऊन सगळीकडे मिसळली असेल तर त्रास देत नाही, खडा राहिला तरच देतो. शंभर किलो कोरड्या मातीला किलोभर मीठ घातलं तर टवके कमी होतात, हा अनुभव समुद्राकाठच्या कुंभारांनाही आहे.

मातीबद्दल अजून शंका असेल तर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला जाऊन या. तिथली माती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे आणि खादी ग्रामोद्योगाची ग्रामीण कुंभारकामाची संस्थाही तिथे आहे. काळ्या मातीच्या मुलखात मोठी भांडी होतच नाहीत असं मात्र कुणी म्हणालं तर ऐकू नका. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचे लोक लहान मुलांना दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून पुरत असत. ती मडकी इथल्याच लोकांनी, इथेच घडवली होती.

घडवण्याकडे येतो. तुम्ही चाकावर दोन तुकडे काढून मधे जोडले असं लिहिलं आहे. एक फुटाच्या कुंडीला ते चालतं. तीन फुटी रांजणात जोड नेमका पोटाच्या सगळ्यात फुगीर भागावर येतो आणि वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा ओला असतो. दोन्ही वेगवेगळे आकसतात आणि एकमेकांना ओढतात. माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या मापाला चाक फक्त बूड आणि गळ्यापुरतं वापरा, मधलं सगळं मातीच्या लांब वळ्या एकावर एक लावून आणि थापीने चोपून वाढवा. आपले कुंभारही चाकावर जाड, ओबडधोबड भांडं काढतात आणि खरा आकार त्याला थापीने देतात. कोरियातली लोणची-चटण्या मुरवायची मोठी बुधली जाड वळ्यांवर अशीच चोपून होतात. जॉर्जियातले जमिनीत पुरायचे वाइनचे रांजणही चाकाशिवाय वळ्यांवरच उभे राहतात, एकेक करायला कित्येक आठवडे घेतात. युनेस्कोने २०१३ मध्ये त्या रांजणांत वाइन करण्याच्या परंपरेला वारसा म्हणून मान्यता दिली.

वळी मनगटाएवढी जाड घ्या. ती भिंतीच्या माथ्यावर नुसती ठेवू नका, आतल्या बाजूने बोटभर खाली उतरवून अंगठ्याने दाबत न्या, मग बाहेरून खालची माती वर ओढा. म्हणजे जोड आडवा न राहता तिरका होतो आणि त्याची पकड दुप्पट होते. तासाभराने वळी थोडी आवळली की डाव्या हातात गुळगुळीत दगडी गोटा घेऊन आतून टेकवा आणि उजव्या हातातल्या लाकडी थापीने बाहेरून त्याच्यावरच मारा. दोन्हींना राख लावत राहा, नाहीतर माती चिकटून सोलून येते. इथे कान उघडे ठेवायचे असतात. गोटा बरोबर समोर असेल तर आवाज भरीव, बसका येतो. तो जरा सरकला तर पोकळ येतो, आणि त्या जागी भिंत आत दबते. भिंत जाड राहिली असेल तिथला आवाज जड असतो. महिनाभर केलंत की डोळे मिटून जाडी सांगाल. चोपण्याने आकार तर वाढतोच, शिवाय मातीचे चपटे कण भिंतीच्या दिशेने निजतात, आणि अशी भिंत वाळताना फार कमी फाटते. म्हणून घाईत वळ्या चढवून पुढे हात फिरवून गुळगुळीत केलेला रांजण दिसायला छान दिसला तरी माझा त्याच्यावर विश्वास नसतो.

एका दिवसात १५ सेंटिमीटरच्या वर चढू नका. वरची कड ओल्या फडक्याने झाकून ठेवा आणि खालचा भाग उघडा ठेवा, म्हणजे खालचा वजन पेलण्याइतका कडक होईल आणि वरचा दुसऱ्या दिवशीची वळी धरेल. पोट बाहेर झुकायला लागलं की त्याला सुतळीचे वेढे द्या.

बुडाकडे विशेष लक्ष द्या. तुमचं बूड ४५ सेंटिमीटर रुंद असेल आणि माती आठ टक्के आकसणार असेल, तर वाळता वाळता ते साडेतीन सेंटिमीटरहून जास्त लहान होतं. म्हणजे पन्नास किलोचं भांडं स्वतःला फळीवरून चहूबाजूंनी आत ओढून घेतं. फळीला चिकटलं तर बूडच फाटेल. म्हणून पहिल्याच दिवशी खाली बारीक वाळूचा थर आणि त्यावर वर्तमानपत्र घाला. बूड घालतानाही मध्यापासून कडेपर्यंत थापीने चोपून काढा आणि आतल्या कोपऱ्यात माती भरून गोलाई देण्याचा मोह टाळा. तुमचा पहिला रांजण त्याच कोपऱ्यात सुटला असणार.

वाळवणं सावलीत, वाऱ्याच्या आड, तीन ते चार आठवडे. फाल्गुन-चैत्रातला कोरडा वारा एका अंगाने लागला तर ते अंग आधी आकसतं, म्हणून रोज पाव फेरा फिरवा. पावसाळ्यात रांजण करायला हरकत नाही, पण भाजायला दिवाळीनंतरच घ्या. वाळला की नाही हे गालाला लावून बघतात. गार लागला तर अजून ओल आहे. मोठ्या भांड्याला मी याच्याही पुढे जायला सांगेन: वजनकाट्यावर ठेवा. ४८ किलोचा रांजण ३७ च्या आसपास येतो. तीन दिवस आकडा हलला नाही की भट्टीत घाला.

आता भट्टी. तुमच्या रचनेत झोत खालून वर जातो. अशा भट्टीत सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तापतं ते बूड, म्हणजे भांड्याचा सगळ्यात जाड भाग. वर गळा अजून गार असतो. शिवाय तोंड एकच, त्यामुळे ज्वाळा एकाच बाजूला चाटते. भट्टी पाडायची गरज नाही, तीन गोष्टी बदला. समोरासमोर दुसरं तोंड काढा आणि दोन्हीकडे सारखं जाळा. जाळीवर विटांचे तुकडे ठेवून रांजण अर्धा फूट उचला आणि त्याच्याखाली खापरांचा चुरा पसरा, म्हणजे भाजतानाही बूड सरकू शकेल. आणि तोंडासमोरच्या भोकांवर आडव्या विटांचा आडोसा करा, म्हणजे ज्वाळा थेट अंगावर न येता वळून येईल. फुटक्या माठांचे मोठे तुकडे रांजणाभोवती उभे करणं हा जुना आणि उत्तम उपाय आहे.

पुढे कधी नवी बांधलीत तर झोत वरून खाली उतरून मागच्या धुराड्यात जाणारी बांधा. त्यात उष्णता वरच्या पातळ भागापासून खाली येते आणि रांजण खूप जास्त सारखा तापतो. धुराड्याच्या उंचीचा ठोकताळा असा: झोत जितका खाली ओढायचा त्याच्या तिप्पट, अधिक जितका आडवा न्यायचा त्याचा तिसरा हिस्सा. आतली उंची १.४ मीटर आणि आडवी वाट १.८ मीटर असेल तर धुराडं ४.८ मीटर. याहून आखूड ठेवलंत तर भट्टी ७०० वर येऊन रेंगाळते.

जपानमधल्या शिगाराकी-बिझेनच्या भट्ट्यांसारखी राखेची नैसर्गिक झिलई हवी, असंही तुम्ही शेवटी लिहिलं आहे. ती राख १२०० अंशांच्या वर वितळून काच होते. तळ्यातली माती त्याच्या खूप आधी, ११०० च्या आसपासच, मऊ होऊन बसकण मारते. त्या कामाला वेगळी माती, अग्निविटा आणि कित्येक दिवसांचं जाळणं लागतं. पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तिथून शिकून गेलेल्यांपैकी अनेकजण उच्च तापमानाचं काम करतात. त्यांच्यापैकी कुणाच्या भट्टीवर आधी मदतीला जा. रांजणाला मात्र ९०० ते ९५० पुरे, आणि त्याच्या लाल अंगाला कशाची उणीव नसते.

लाकूड किमान अर्धा टन, वर्षभर वाळलेलं. सुरुवातीला बाभळीचे जाड ओंडके, कारण ते निखाऱ्यावर शांत धगधगतात. शेवटच्या टप्प्याला मनगटापेक्षा बारीक फोडलेलं सुबाभूळ, सुरू किंवा वखारीतली सालपटं, कारण तेव्हा लांब ज्वाळा लागते. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. एक के-टाइप थर्मोकपल, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणारी तार, आणि आकडा दाखवणारं यंत्र विकत घ्या. डोळ्यांचा अंदाज हवाच, पण पहिल्या ५०० अंशांत डोळ्यांना काहीही दिसत नाही, आणि सगळा धोका तिथेच आहे.

पहिली रात्र. जाळ तोंडाच्या आत नको, बाहेर, हातभर अंतरावर. आत फक्त गरम हवा जाऊ द्या. रात्रभर ११०-१२० च्या वर जाऊ नका. वरच्या फटीवर स्टीलची गार ताटली क्षणभर धरा. तिच्यावर दव धरलं तर पाणी अजून निघतं आहे, जाळ वाढवायचा नाही. ताटली दोन-तीनदा कोरडी आली की मगच जाळ आत सरकवा. हे काम झोपाळलेल्या माणसावर सोपवू नका. पहाटे तीनला थंडी वाजते म्हणून कुणीतरी दोन ओंडके जास्त सारतो आणि तेवढ्यात भट्टीतून बंदुकीसारखा आवाज येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तासाला ४०-५० अंश. ३०० च्या पुढे रांजण धुराने काळा होतो, होऊ द्या. ४५० ते ६०० हा पट्टा पुन्हा सांभाळून, कारण बांधलेलं पाणी आता सुटतं, आणि ५७३ अंशांना मातीतली वाळू एका झटक्यात फुगते. सगळं भांडं एकाच वेळी तो आकडा ओलांडणार नाही, म्हणून चढ संथ ठेवायचा. अंधारात डोकावलं तर याच सुमारास पहिली पुसट लाली दिसते.

६५० च्या पुढे तुम्ही मोकळे आहात. तासाला १०० ने चढा. काजळी जळायला लागते आणि काळा रांजण वरून खाली किंवा खालून वर, भट्टीच्या स्वभावाप्रमाणे, डाग डाग करत स्वच्छ होतो. तो कोणत्या बाजूने उशिरा स्वच्छ झाला ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्या बाजूला जास्त जाळायचं. लाकूड थोडं थोडं पण वारंवार घाला. घातल्यावर वरून काळा धूर आणि ज्वाळा निघते, मग ती ओसरते, धूर विरळ होतो, तेव्हाच पुढची खेप. नवखे लोक धुराला घाबरत नाहीत आणि चूल गच्च भरतात. तापमान वाढायच्या ऐवजी पडतं, कारण हवाच जात नाही. निखारे तोंडात गुडघाभर साचले तरी तेच होतं, ते लोखंडी दांड्याने ओढून बाहेर काढा. ७०० ते ९०० मध्ये हवा मुबलक हवी. लीद आणि गाळातला कुजका भाग इथे भिंतीच्या आतून जळतो, आणि घाई केली तर मधे काळा पट्टा तसाच राहून भांडं ठिसूळ होतं.

९०० ला पोचल्यावर दोन तास तिथेच धरा, आत सगळीकडे सारखा उजळ केशरी-लाल रंग येईपर्यंत. मग दोन्ही तोंडं विटा-चिखलाने लिंपा, वरची खापरं राख टाकून बंद करा आणि घरी जा.

तुमचा दुसरा रांजण इथे गेला. तो बहुधा उत्तम भाजला होता. उतरताना पुन्हा ५७३ आहे, तेव्हा वाळू आकसते. पातळ गळा आधी गार होतो, जाड पोट अजून फुगलेलंच असतं. तशात खापरं बाजूला केलीत आणि गार हवा गळ्यावर पडली. दोन रात्री भट्टीला हात लावू नका. १५० च्या खाली आल्यावर एक खापर तिरकं करा, आणि आत उघडा हात घालून ठेवता आला तरच रांजण उचला.

बाहेर काढल्यावर बोटाच्या पेराने वाजवा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर भिंत अखंड आहे. बद्द आवाज आला तर चीर आहे, दिसत नसली तरी. मग पाण्याने भरून आठवडाभर ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला. पाझरेल, ते हवंच. टवके उडायचे असतील तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत उडतील, तोवर कुणाला देऊ नका, विकू तर अजिबात नका.

तिसरा रांजण भाजायच्या आधी मातीच्या पट्टीचा आकडा, वाळतानाची वजनं आणि जाळीच्या भोकांचं माप कळवा. भोकं मला एवढ्या भट्टीच्या मानाने मोठी वाटतात, पण किती बुजवायची ते माप बघितल्यावरच सांगेन.